एका माशासाठी बेचाळीस दिवस: स्पिअरगनने मासेमारी शिकतानाच्या नोंदी

दम रोखून पाण्याखाली जायचे, स्पिअरगनने (रबराच्या ताणाने भाला सोडणाऱ्या बंदुकीने) एक मासा मारायचा आणि तो स्वतःच साफ करून, शिजवून खायचा, एवढेच उद्दिष्ट ठरवून मी या नोंदी लिहायला घेतल्या. पोहणे मला चांगले येते आणि स्वयंपाकही बरा जमतो, त्यामुळे हे काम दोन आठवड्यांत उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिला मासा मिळायलाच तीस दिवस लागले, आणि तोही धड खाण्याजोगा झाला नाही. हेच काम हाती घेणाऱ्याला माझ्या चुका आधी ठाऊक असाव्यात, म्हणून त्या घडल्या तशाच लिहिल्या आहेत.

दिवस १

सुरुवात नियमांपासून केली. किनाऱ्यागणिक नियम बदलतात: कुठे परवाना लागतो, कुठे संरक्षित क्षेत्रात मासेमारीच बंद असते, कुठे रात्री भाला वापरता येत नाही, आणि पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून भाला चालवायला तर अनेक देशांत बंदी आहे. शिवाय जातीनुसार माशाची किमान लांबी ठरलेली असते. यात सगळी संध्याकाळ गेली, पण ती वाया गेली असे म्हणणार नाही, कारण ज्या खडकाळ पट्ट्यावर माझी नजर होती त्याचा निम्मा भाग संरक्षित निघाला.

बंदूक ७५ सेंटिमीटरची आणि एकाच रबराची घेतली. लांब बंदुकीचा मोह झाला होता, परंतु ज्या पाण्यात जेमतेम तीन-चार मीटरपर्यंत दिसते तिथे लांब नळी वळवायला वेळ लागतो आणि तिचा जास्तीचा पल्ला उपयोगी पडत नाही. तिच्याबरोबर कमी पोकळीचा मास्क, पायात घालायचे लांब पंख म्हणजे फिन्स, अंग उबदार ठेवणारा ५ मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट, शिशाच्या वजनांचा रबरी पट्टा, झेंडा लावलेला बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि २० मीटर दोर घेतला. पट्ट्याचे बक्कल एका हाताने, एका ओढीत सुटणारे आहे ना, हे दुकानातच दहा वेळा करून पाहिले. पोहण्याचा साधा गॉगल घरी होता, तो चालेल असे मला वाटत होते. पण गॉगलमध्ये नाक येत नाही, त्यामुळे खोल जाताना नाकाने आत हवा सोडून दाब सारखा करता येत नाही आणि डोळ्यांभोवतीच्या रक्तवाहिन्या फुटू शकतात.

नवा मास्क पाण्यात नेल्यावर दर दोन मिनिटांनी धुकटत होता. कारखान्यातून येताना काचेच्या आतल्या बाजूवर राहिलेला पातळ थर हे त्याचे कारण असते. टूथपेस्टने दोनदा घासून काढल्यावर तो गेला, आणि त्यानंतर पाण्यात उतरण्यापूर्वी थुंकी लावून विसळणे पुरते.

दिवस २

सगळा दिवस वजनांत गेला. वेटसूट तरंगतो म्हणून मी ८ किलो शिसे बांधले आणि उथळ पाण्यात बुडी मारून पाहिली. खाली जाणे फारच सोपे झाले, आणि तिथेच मी फसलो. सूटच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात. खोलीबरोबर ते दाबले जातात आणि सूटचा तरंग कमी होत जातो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे उरते. जे वजन वर बरोबर वाटते तेच खाली दगड होते, आणि दम संपत आलेला असताना तो दगड वर ओढून आणावा लागतो.

मग एकेक किलो उतरवत गेलो. उभे तरंगताना पूर्ण श्वास सोडला तरी डोके पाण्याबाहेर राहिले पाहिजे, हा निकष धरला. माझ्या अंगाला ५ किलो पुरले. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. शरीर, सूटची जाडी आणि पाण्याचा खारेपणा यांनुसार तो बदलतो.

दिवस ५

कानाने घात केला. मला थोडी सर्दी होती आणि तरीही मी उतरलो. तीन मीटरवर उजव्या कानात दुखू लागल्यावर वर येण्याऐवजी नाक दाबून जोराने फुंकर मारली. कानात कळ आली, क्षणभर भोवळ आली आणि मी कसाबसा वर आलो. कानाच्या डॉक्टरांनी पडदा लाल झाला आहे पण फाटलेला नाही असे सांगितले आणि काही दिवस पाण्यापासून दूर राहायला बजावले. या एका घाईत नऊ दिवस गेले.

घरी बसून जे समजले ते असे. दाबातला सर्वांत मोठा प्रमाणशीर बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो, म्हणून कान मोकळे करण्याची सुरुवात पाण्यावर असतानाच करावी आणि दर मीटरला, दुखण्याची वाट न पाहता, करत राहावे. मी खाली जाताना मान वर करून तळाकडे बघत होतो. मान अशी ताणली की घसा आणि कान यांना जोडणारी नळी उघडायला कठीण जाते. हनुवटी छातीकडे ठेवली तर तेच काम हलक्या दाबाने होते.

दिवस १४

कान बरा झाला आणि पाण्यात परतलो. आज बंदूक नव्हती, फक्त श्वास आणि जोडीदार. बुडी मारण्याआधी मी दहा-बारा भराभर मोठे श्वास घेतले, कारण त्याने दम लांबतो असे ऐकले होते. जोडीदार माझ्यापेक्षा बरीच वर्षे हे करतो आहे. त्याने मला बोयाला धरून थांबवले आणि म्हणाला, "असं करणार असशील तर मी आत्ताच घरी निघतो."

त्याचे म्हणणे बरोबर होते. भराभर श्वासांनी अंगातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव मुख्यतः त्याच्यामुळेच होते. म्हणजे धोक्याची घंटा काढून टाकली जाते आणि टाकी तेवढीच राहते. वर येताना दाब उतरतो तसा फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही झपाट्याने उतरतो, त्यामुळे शुद्ध बहुधा शेवटच्या काही मीटरांत किंवा पाण्यावर आल्यावर जाते, आणि तीही कसलीच चाहूल न देता. आम्ही ठरवलेले नियम असे: एक खाली असेल तेव्हा दुसरा वरून पाहत राहील, वर आलेल्यावर आणखी ३० सेकंद नजर राहील, बुडीला जेवढा वेळ लागला त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती, आणि खाली जाताना स्नॉर्केल (पाण्यावर तरंगताना श्वास घेण्याची नळी) तोंडात ठेवायचा नाही. या नियमांमुळे दिवसाच्या बुड्या निम्म्यावर आल्या, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दिवस १६

बंदूक प्रथमच भरली, अर्थातच पाण्यात. पाण्याबाहेर ती भरायची नाही आणि भाला दोरीने बंदुकीला बांधलेला नसताना चालवायची नाही, हे दोन नियम मोडायला कोणतेही कारण पुरेसे नाही. दस्ता छातीच्या हाडाशी टेकवून दोन्ही हातांनी रबर ओढायचे असते. मी उजव्या हाताने जास्त ओढत होतो, त्यामुळे रबराचा फासा भाल्याच्या खाचेत तिरका बसत होता आणि भाला दर वेळी किंचित डावीकडे जात होता. हे कळायला अकरा वेळा भाला सोडावा लागला. छातीवर पडलेला काळानिळा डाग पुढे आठवडाभर राहिला. सूटला छातीवर जाड पट्टी असलेला घेतला असता तर तो टळला असता.

लक्ष्य म्हणून रेतीवर एक जुना फोमचा तुकडा दोरीने बांधून ठेवला होता. खरा धडा अंतराचा मिळाला. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठी भासते. तीन मीटरवरचा फोम मला सव्वादोन मीटरवर वाटत होता आणि भाला त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता ढिला पडत होता. मग अडीच मीटर लांबीच्या दोरीला गाठी मारून ती तळावर पसरली आणि तेवढे अंतर पाण्यातल्या नजरेने कसे दिसते ते पाठ केले. या भासाची दुसरी बाजू त्या वेळी माझ्या लक्षात आली नव्हती: चाळीस सेंटिमीटरचा वाटणारा मासा प्रत्यक्षात तीसच सेंटिमीटरचा असू शकतो, आणि किमान लांबीचा नियम पाण्यातल्या भासाला नव्हे, पट्टीला लागू होतो.

दिवस २०

पौर्णिमा, उधाण. सुट्टी होती म्हणून गेलो, भरती-ओहोटीचा विचार केला नाही. प्रवाह जोराचा, तळाची माती उठलेली, आणि हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. मासा दिसला असता तरी त्याच्या मागे काय आहे ते कळले नसते, म्हणून बंदूक भरलीच नाही. त्यानंतर दिनदर्शिका पाहून दिवस ठरवायचे पक्के केले: अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी कमी चढते-उतरते, प्रवाह मंद असतो आणि पाणी निवळते; त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी थांबते तो तासभर उत्तम.

दिवस २८

भांग. पाणी पाच मीटरपर्यंत स्वच्छ. आज मासे भरपूर दिसले आणि मी त्यांच्या मागे लागलो. जेवढ्या वेगाने मी पाय मारले तेवढ्याच वेगाने ते दूर गेले. त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची हालचाल टिपणारी एक रेष असते. माझ्या फिन्सचा प्रत्येक फटका त्यांना मी दिसण्याआधीच पोहोचत होता. शेवटी वैतागून एका माशावर लांबूनच चाप ओढला. दोरीचा सगळा अभ्यास विसरलो. भाला माशाखालून गेला आणि खडकाच्या कपारीत रुतला.

तो काढायला दोन बुड्या लागल्या. दुसऱ्या बुडीत "आता सुटेलच" असे म्हणत मी जितके थांबायला हवे होते त्यापेक्षा जास्त थांबलो. वर आलो तेव्हा ओठ थरथरत होते आणि जोडीदाराचा हात माझ्या काखेत होता. त्या दिवशी पुन्हा उतरलो नाही. यापुढे अडकलेला भाला एका बुडीत निघाला नाही तर दोर कापून सोडून द्यायचा, असे ठरले. चाकू म्हणूनच हाताला लागेल अशा जागी असावा. माझा पायाच्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला होता, तो आतल्या बाजूला घेतला, कारण बाहेरच्या बाजूला दोर त्यात अडकतो.

दिवस २९

दुरुस्ती. भाला डोळ्यांना सरळ दिसत होता, पण काचेवर ठेवून बोटाने फिरवला तेव्हा मधोमध कागद सरकेल एवढी फट वर-खाली होताना दिसली. असा भाला पुन्हा सरळ करण्यात अर्धा दिवस घालवला आणि तो सरळ झाला नाही. नवा घेतला. भाल्यापासून नळीपर्यंत जाणारा दीड मिलिमीटरचा नायलॉनही कपारीवर घासून एका जागी पांढरा पडला होता. तो पूर्ण बदलला, तेवढा भाग कापून गाठ मारली नाही, कारण गाठ हाच पुढचा कमकुवत भाग असतो. टोकाजवळची पाकळी, जी मासा पार झाल्यावर उघडते आणि त्याला निसटू देत नाही, ती मिठाने अडकत होती. गोड्या पाण्यात रात्रभर भिजवल्यावर मोकळी झाली.

दिवस ३०

पहिला मासा. आज मी काहीच करायचे नाही असे ठरवून उतरलो. चार मीटरवर एका खडकाआड पोटावर पडलो, बंदूक पुढे, नजर माशांकडे नव्हे तर त्यांच्या बाजूच्या रेतीवर. पहिल्या सहा बुड्यांत काही आले नाही. सातव्या बुडीत बोईंचा थवा खडकावरून वळला आणि त्यांतली एक, केवळ कुतूहलाने, माझ्यासमोर आडवी झाली. मासे स्वतःहून जवळ येतात हे ऐकले होते, पण विश्वास आज बसला. कल्ल्याच्या मागे, रेषेवर नेम धरला होता. शेवटच्या क्षणी ती पुढे सरकली आणि भाला पोटातून गेला.

पुढचे सगळे चुकले. मासा दोन मिनिटे तडफडला, कारण त्याला झटपट मारण्याचे मी आधी शिकून ठेवलेच नव्हते. आनंदाच्या भरात तो बोयाच्या दोरीला लटकवला आणि आणखी तीन तास पाण्यात राहिलो. वरचे पाणी अंघोळीसारखे कोमट होते. किनाऱ्यावर आल्यावर मोजला तर ४१ सेंटिमीटर भरला, आणि मी फोटो काढत बसलो.

घरी पोट उघडले तेव्हा आतडे फुटून सगळीकडे पसरले होते आणि मांसाला हिरवट डाग पडला होता. बोईच्या पोटाला आतून काळे अस्तर असते, ते काढावे लागते. मी अर्धेच काढले. तुकडे ओलेच तव्यावर टाकले, तवा पुरता तापलेला नव्हता, आणि एका मिनिटातच ते उलटायला गेलो. कातडी तव्याला चिकटून राहिली, मांस भुग्यासारखे सुटले. चव चिखलाची होती. दोन घास खाल्ले आणि उरलेले टाकून दिले.

दिवस ३१

काल काय झाले ते नीट मांडून पाहिले. चिखलाच्या वासाचा काही भाग त्या माशाच्या खाण्यातून येतो, कारण बोई तळाची माती गाळून खाते. तेवढ्याचा दोष माझा नव्हता. बाकीचा सगळा माझाच होता. तडफडताना माशाच्या स्नायूंतली साठवलेली ऊर्जा संपते, मासा लवकर आणि कडक आखडतो आणि मांस भुसभुशीत होते. रक्त आत राहिले की वास धरते. कोमट पाण्यात तीन तास म्हणजे जिवाणूंना दिलेली मोकळीक. बोईच्या जागी बांगडा असता तर प्रकरण चवीवर थांबले नसते: बांगडा-ट्यूनासारखे मासे उबेत राहिले की त्यांत विषबाधा करणारे हिस्टामाइन तयार होते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही.

बाजारातून दोन अख्खे मासे आणले आणि त्यांच्यावर मेंदूची जागा शोधण्याचा सराव केला. डोळ्याच्या थोडे मागे आणि वर, दोन्ही बाजूंच्या मधोमध, पातळ हाडामागे ती असते. डोके उभे चिरून ती पाहिली तेव्हा ती पोकळी वाटाण्याएवढीच निघाली.

दिवस ४२

पुन्हा भांग. या वेळी किनाऱ्यावरच्या डब्यात आधीच बर्फ आणि समुद्राचे पाणी कालवून ठेवले होते: दोन भाग बर्फ, एक भाग पाणी. खाऱ्या पाण्यामुळे हे मिश्रण शून्याच्या थोडे खाली उतरते आणि माशाला सगळ्या बाजूंनी चिकटून थंड करते. पाणी न घातलेल्या बर्फाच्या तुकड्यांत मध्ये हवा राहते.

पहिली तांबोशी समोर आली ती मोठी वाटली. दिवस सोळाचा हिशेब आठवला, ती नियमाच्या लांबीच्या काठावर असणार हे ओळखले आणि सोडून दिली. दुसरी अर्ध्या तासाने आली. उष्ण पाण्यातल्या प्रवाळखडकांवर राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेराचे विष साठू शकते. तेही शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. त्यामुळे मला प्रचंड मासा नकोच होता. ही मध्यम होती, दोन मीटरवर आडवी, आणि भाला कल्ल्याच्या मागे कण्यात बसला. ती जागीच थांबली.

वर येऊन, आधी माझे श्वास पुरे करून, मग तिला हातात घेतले. कल्ल्यात बोटे घालून पकडली, चाकूचे टोक ठरलेल्या जागी टेकवले आणि दाबले. अंगातून एक शिरशिरी गेली, तोंड उघडले, सगळे पर एकदम ताठ झाले, आणि मग शरीर ओल्या कापडासारखे सैल पडले. कल्ल्यांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चीर दिली आणि पाण्यात हलवत राहिलो; दोन-तीन मिनिटांत रक्त येणे थांबले. रक्त घेऊन तिथेच रेंगाळणे शहाणपणाचे नसते, म्हणून शिकार तिथेच संपवली. चाप ओढल्यापासून मासा बर्फात जाईपर्यंत अठरा मिनिटे लागली.

लांबी ३८ सेंटिमीटर, वजन ९०० ग्रॅम. घरी आल्याबरोबर पोट साफ केले, कल्ले काढले, कण्याखालची काळसर रक्ताची पट्टी चमच्याच्या टोकाने खरवडली. त्यानंतर आतून-बाहेरून कापडाने कोरडा करून, जाळीवर, न झाकता, फ्रिजच्या सर्वांत थंड भागात ठेवला. धुतल्यानंतर ओला ठेवणे हीच घरोघरी होणारी चूक असावी.

दिवस ४४

दोन दिवसांत कातडी कागदासारखी कोरडी झाली आणि मांस आखडून पुन्हा सैल झाले. मारल्या दिवशीच शिजवला असता तर ते तव्यावर वाकडेतिकडे आकसले असते. दोन्ही बाजूंचे मांस काढल्यावर ३८० ग्रॅम भरले. पहिल्या बाजूला कण्यावर जे मांस राहून गेले ते चाकूला धार नसल्यामुळे.

मीठ शिजवण्याच्या अर्धा तास आधी लावले, सुटलेले पाणी टिपून काढले. तवा धूर येण्याच्या बेतात असताना तेल, मग कातडी खाली करून तुकडा, आणि पहिली तीस सेकंद पसरट उलथन्याने दाबून धरला, कारण तेवढ्यातच कातडी आकसून तुकड्याची वाटी होते. त्यानंतर हात लावला नाही. कडेने मांस पांढरे होत वर चढताना दिसत होते. ते तीन चतुर्थांश चढल्यावर उलटला आणि अर्ध्या मिनिटात उतरवला. थर्मामीटर ६३ अंश सेल्सियस दाखवत होता. कातडी अख्खी सुटली आणि दाताखाली मोडली. लिंबाशिवाय काही लागले नाही.

डोके आणि काटे गार पाण्यात चढवून पंचवीस मिनिटे उकळले. त्याहून जास्त उकळले की कडवटपणा येतो. गाळून घेतलेले पाणी रात्री भात शिजवायला वापरले.

संध्याकाळी बंदूक धुताना रबरावर, फासा बसतो त्या जागी, नखाने खरवडल्यावर जाणवतील अशा बारीक भेगा दिसल्या. बेचाळीस दिवसांत एवढे झिजायला नको होते. वाळवण्यासाठी मी ते प्रत्येक वेळी उन्हात टाकत होतो. पुढचे सावलीत वाळेल आणि अंधारात ठेवले जाईल. ते बसेपर्यंत बंदूक घरीच राहील.